एकतीस आडवा, दहा घरं

खोटं लिहिलंत तुम्ही. छापून खोटं लिहिलंत, आणि वर दहा घरं आखून दिलीत, म्हणजे लोकांनी आपल्या हातानं, आपल्या पेन्सिलीनं ते खोटं एकेक अक्षर करून भरावं. सारमिदीच्या डोक्यात हे वाक्य पुरं झालं तेव्हा त्याची कातरी म्हाताऱ्या हार्जितोच्या उजव्या कानामागे उघडीच राहिली होती. तो मोठ्यानं काही बोलला नव्हता. रविवारची सकाळ होती, भरतीचं पाणी गल्लीत घोट्याइतकं चढून आता हळूहळू गटाराकडे परतत होतं, चार-चार विटांवर चढवलेल्या खुर्चीखाली केसांचे पुंजके तरंगत होते, आणि समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसलेला घड्याळजी को लियांग डोळ्याला भिंग लावून पेपरातलं शब्दकोडं वाचत होता. जावा बेटावरच्या सेमारांग शहराच्या त्या खालच्या वस्तीत दर रविवारी असंच चालायचं. कोडं एक, डोकी चार. आजवर सारमिदीला त्या कोड्याची भीती कधी वाटली नव्हती.

"एकतीस आडवा," को लियांगनं पुन्हा वाचलं. "मध्य जावातल्या मोठ्या जलाशयाखालची निर्जन जागा. दहा घरं. तिसरं एन, पाचवं यू, शेवटचं एस."

"निर्जन जागेला नाव कशाला असतंय?" शेजारच्या गाड्यावर भाताच्या पुड्या बांधणारी बु पाइनेम तिथूनच म्हणाली. "माणूस नाही तर हाक कुणाला मारायची?"

"तू पालकावर शेंगदाण्याची चटणी घाल. कोडं आम्ही बघतो," खुर्चीतून हार्जितो म्हणाला.

"बघा की म्हातारबुवा. मागल्या रविवारी आठ उभा कुणी सांगितला? माशाच्या कल्ल्याला काय म्हणतात ते बोटीवरच्या आचाऱ्याला येत नव्हतं. तीस वर्षं काय शिजवलंत, दोरखंड?"

हार्जितो हसला आणि त्याची मान हलली. सारमिदीनं ती दोन बोटांनी सरळ केली. बु पाइनेमनं सहज टाकलेलं वाक्य त्याच्या बरगडीत जाऊन अडकलं होतं. निर्जन जागेला नाव कशाला? तिला काय माहीत, तिनं कुठे बोट घातलंय. दहा घरं. त्यानं मनात मोजलीसुद्धा नाहीत, मोजायची गरज नव्हती. ते नाव तो चौदा वर्षांत एकदाही तोंडानं बोलला नव्हता, आणि आता ते पेपरात पांढऱ्या चौकोनांत उताणं पडलं होतं, नुसतं कुणीतरी नाव घ्यायची वाट बघत.

"पाक मिदी," को लियांगनं भिंग काढून त्याच्याकडे पाहिलं. पाक, बु, को, तिथं नावाआधी मानानं असंच लावतात. "मध्य जावातली गावं म्हणजे तुमचं खातं. बोला."

"माहीत नाही," सारमिदी म्हणाला.

को लियांगनं भुवया वर केल्या, एवढंच. पण सारमिदीनं मान खाली घातली. कारण नियम त्याचा होता. सहा वर्षांपूर्वी हार्जितोनं कुठल्याशा थंड देशातल्या नदीचं नाव ठोकून दिलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, पोस्टकार्ड गेलं, आणि पुढच्या आठवड्यात भिंतीवरचं घड्याळ कुदूसच्या कुणा बाईला मिळालं. बक्षीस घड्याळजीच्या हातून गेलं म्हणून आख्खी गल्ली महिनाभर हसली. तेव्हा सारमिदी चिडून म्हणाला होता, यापुढे माझ्या खुर्चीजवळ अंदाज चालणार नाही. ज्याला शब्द येतो त्यानं तो कसा माहीत ते सांगायचं. पाहिलंय का, खाल्लंय का, हातात धरलंय का. साक्ष द्या, मग पेन्सिल उचला. तेव्हापासून हार्जितो बंदराचं नाव सांगायचा आणि त्या बंदरात आपण कुठल्या भिंतीशी उलटी केली तेही सांगायचा. को लियांग घड्याळाचा पुर्जा कोड्यात आला की खरंच एखादं घड्याळ उघडून चिमट्यानं तो दाखवायचा. बु पाइनेमनं तर एकदा पाळीच्या दुखण्यावरचा पाला आणून तिघांना चावायला लावला होता. हसतखेळत पाळलेला नियम. त्या नियमाचा सापळा कधी आपल्याच पायाला लागेल हे सारमिदीच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता शब्द सांगायचा तर साक्ष द्यायला हवी. साक्ष द्यायची तर म्हणायला हवं, मी तिथला. आणि गल्लीला तो देमाकचा म्हणून ठाऊक होता. देमाकमध्ये जन्म, देमाकमध्ये बाप शेतमजूर, देमाकमध्ये आई वारली. इतक्या वेळा सांगितलेलं की देमाकच्या मशिदीचं नाव निघालं की त्याला खोटंखोटं घरही आठवायचं.

निर्जन म्हणे. कातरी चालू झाली, पण डोळ्यांपुढं हार्जितोचं विरळ डोकं राहिलं नाही. दुसरीच डोकी यायला लागली. न्हाव्याला गाव चेहऱ्यांनी आठवत नाही, तो मागं उभा असतो, त्याला गाव माथ्यांनी आठवतं. कासिरानच्या डोक्यावर दोन भोवरे, त्यामुळं केस कितीही बसवले तरी कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उठायचे. वागिनोच्या कवटीला मागं खळगा, लहानपणी विहिरीच्या कठड्यावर आपटलेला. मशिदीतल्या बांग देणाऱ्या म्हाताऱ्याच्या टाळूवर तीळ, तिथं वस्तरा वळवून न्यावा लागायचा, नाहीतर रक्त यायचं आणि मग तो शुक्रवारभर सगळ्या गावाला टोपी काढून दाखवत फिरायचा. पोरांची डोकी उवांनी भरलेली, नव्या नवऱ्याच्या डोक्याला खोबरेल इतकं की कातरी निसटायची. पांढऱ्या सावरीच्या जुन्या झाडाखाली त्याचं स्टूल असायचं. त्या झाडावरूनच गावाला नाव पडलं होतं. कोरड्या महिन्यांच्या उन्हात बोंडं फुटली की कापूस उडायचा आणि कापलेल्या काळ्या केसांवर पांढरा बसायचा, आणि आई म्हणायची, तुझ्या अंगणात सगळं गाव म्हातारं होऊन पडलंय बघ. ही सगळी डोकी कुणाची होती मग? भुतांची? तो चिडला की त्याच्या कानांच्या पाळ्या तापायच्या. आता त्या तापल्या होत्या, आणि खाली पायांना भरतीचं पाणी गार लागत होतं.

"मिदी, कान माझा आहे, फांदी नव्हे," हार्जितो ओरडला.

"माफ करा, म्बाह." म्हाताऱ्या माणसाला तिथं तसंच म्हणतात. कानाच्या वर बारीक लाल रेघ उमटली होती. सारमिदीनं तुरटीचा खडा ओला करून लावला.

"याचं आज चित्त नाही. बायको माहेरी गेली का रे?"

"मला बायकोच नाही, म्बाह."

"तेच म्हणतो. असती तर गेली असती."

बु पाइनेम खदाखदा हसली. सारमिदी हसला नाही. तुरटीचा तो खडा हातात धरून तो एका दुसऱ्याच मानेकडे पाहत होता. गोरी, घामट, कॉलरच्या वर वळी पडलेली मान. तो साहेब जीपमधून आला होता, धरणाचं पाणी गावावर सोडायच्या आधी चार महिने. बाकीच्यांनी दारं लावून घेतली होती, कारण ज्यांनी जायला नकार दिला होता त्यांच्या ओळखपत्रांवर त्याआधीच शिक्का पडला होता. दोन अक्षरांचा, सरकारच्या वैऱ्यांवर मारतात तो. तो शिक्का असला की नोकरी नाही, शाळेत पोर नाही, लग्नाला नवरी नाही. शिक्का सारमिदीच्याही कार्डावर होता. पण साहेब उन्हानं वैतागला होता, सावरीखाली स्टूल बघून हसला, म्हणाला, काप बाबा, मानेला घामोळं आलंय. पुढून थोडे ठेव. आणि बसला. मांडीवर फाइल उघडी. सारमिदीनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फाइल कापडाच्या बाहेर राहिली म्हणून तिच्यावर केस पडत होते. त्यानं वाकून फुंकर मारली, तेव्हा त्याला रकाना दिसला. गावाचं नाव, आणि त्याच्यापुढं, राहती माणसं : नाहीत. तारीख त्याच दिवसाची. सारमिदीला वाचता येत होतं, कोडी सोडवायचा नाद तेव्हापासूनचा. साहेबाच्या मागं तो उभा होता. समोर कासिरानची कोंबडी चरत होती, कुणाच्या तरी घरात मिरची वाटल्याचा ठसका येत होता, तीन पोरं साहेबाच्या जीपच्या चाकाला हात लावून पळत होती. आणि कागदावर कुणीच नव्हतं. तेव्हा त्यानं काय केलं? कागदावरचे केस झटकले. हळू, बोटांच्या टोकांनी, शाई पुसू नये म्हणून. मानेला तुरटी लावली. साहेब म्हणाला, हात हलका आहे तुझा. त्यावर तो म्हणाला, आभारी आहे, साहेब.

हे आभार त्याला चौदा वर्षं जाळत होते. पाण्यानं नाही एवढं त्या एका शब्दानं जाळलं. पाणी सावकाश आलं होतं, आईला रोज सांगता येईल इतकं सावकाश. ती दारात बसून बघायची आणि म्हणायची, आज कासिरानच्या ओट्याची तिसरी पायरी गेली. आज वागिनोचं मोरीचं दार गेलं. केळीच्या खुंटांच्या तराफ्यावर भांडी ठेवून ते टेकाडावर गेले, आणि टेकाडावरच्या झोपडीत त्याच पावसाळ्यात ती गेली. बाप तर आधीच खाली होता, सावरीच्या पलीकडच्या दफनभूमीत, आता चाळीस हात पाण्यात. मग हा शहरात आला, नवं कार्ड काढलं, देमाकचा झाला. आणि कुठं येऊन राहिला, तर जिथं दर पौर्णिमेला समुद्र उंबरा ओलांडून आत येतो. पाण्याला त्याचा पत्ता बरोबर सापडला होता. गेल्या पाच वर्षांत ते शिक्के मारणारी राजवट पडली, नवे लोक आले, पेपरात कुणी काहीही छापायला लागलं. कधीतरी आपलंही कुणी छापील असं त्याला अधूनमधून वाटायचं. छापलं. कोड्यात छापलं. रविवारची गंमत म्हणून, बक्षीस भात शिजवायचं विजेचं भांडं.

"सोडून द्या एकतीस," हार्जितो म्हणाला. "पुढं चला."

"सोडून कसं द्यायचं? या खेपेला पोस्टकार्ड माझ्या नावानं जायचंय," बु पाइनेम हात पुसत आली. "भांडं पाहिजे मला. थांबा, माझा भाचा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत आहे. त्याला लावते."

तिनं लेकीचा मोबाइल कमरेच्या पिशवीतून काढला. भाचा झोपेतून उठला असावा, तिनं आधी त्याला त्यावरून झाडलं, मग त्याच्या आईची तब्येत विचारली, मग जलाशय. सारमिदीनं कातरी बाजूला ठेवून कंगवा घेतला. कंगव्यानं करण्यासारखं काही नव्हतं. हार्जितोचं अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच.

"रांदुलावास," ती म्हणाली, आणि आर, ए, एन, असं एकेक अक्षर सांगायला लागली.

चौदा वर्षांनी ते नाव त्याच्या कानावर आलं ते असं, भाताच्या पुड्यांच्या वासात, फोनवरून, सुटंसुटं. ती ते चुकीच्या ठिकाणी तोडत होती.

"बसतंय," को लियांग म्हणाला. "एन, यू, एस, सगळं बसतंय. साक्ष?"

"त्याच्या कचेरीत नकाशा आहे भिंतीवर. रोज बघतो. म्हणाला, पडीक जागा होती, कुणी राहत नव्हतं. चार हट्टी लोक मागून घुसून बसले होते सरकारी भरपाई उकळायला, त्यांना हाकललं. झाली की साक्ष."

"नकाशा पाहिलाय म्हणजे झाली," हार्जितो म्हणाला. "लिहा."

को लियांगनं पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं आणि पहिलं अक्षर काढलं. दुसरं काढलं. त्याचं अक्षर मोठं सुबक, घड्याळाच्या तबकडीवर असावं तसं. सारमिदी ते चौकोन भरताना बघत होता आणि त्याला कळत होतं की हे असंच होतं. कुणी ओरडत नाही, कुणी मारत नाही. तीन चांगली माणसं, ज्यांच्या हातचं तो चौदा वर्षं खात आला, सकाळच्या उन्हात बसून एकेक अक्षर भरतात आणि जागा निर्जन होते. आणि न्हावी मागं उभा राहून केस झटकतो.

"थांबा," तो म्हणाला.

आवाज इतका मोठा निघाला की पलीकडच्या दुकानातला माणूस बाहेर डोकावला.

"ती साक्ष नाही. नकाशानं काय पाहिलं? नकाशा ज्यानं भरला त्यानं जे लिहायचं ठरवून आणलं होतं तेच लिहिलं. पेन्सिल खाली ठेवा, को लियांग. खाली ठेवा म्हणतो ना!"

"अरे पण शब्द बरोबर आहे की," हार्जितोनं खुर्चीतून मान वळवली.

"शब्द बरोबर आहे. संकेत खोटा आहे. पडीक नव्हती ती जागा. दोनशे अकरा घरं होती. घुसलेले नव्हतो आम्ही, माझ्या आज्याच्या आज्याची कबर आहे तिथं."

पाणी गटारात जाताना घोटघोट आवाज करत होतं.

"तू तर देमाकचा," हार्जितो म्हणाला.

"मी देमाकला एकदा गेलोय. बस बदलायला."

आणि मग तो सांगत सुटला. कासिरानचे दोन भोवरे, वागिनोचा खळगा, बांग देणाऱ्याचा तीळ, पोरांच्या उवा. क्रम नव्हता, एक डोकं सांगताना दुसरं मध्येच येत होतं, मेलेली जिवंत आणि जिवंत मेलेली होत होती. शिक्क्याचं सांगितलं. साहेबाचं सांगितलं. फक्त आभारांपाशी आला तेव्हा अडखळला, हार्जितोच्या गळ्याभोवतीचं कापड उगाच सारखं केलं, आणि तेही सांगितलं.

बु पाइनेमचा चेहरा लाल झाला होता. "चौदा वर्षं," ती म्हणाली. "चौदा वर्षं माझ्या हातचं जेवतोयस. दर ईदला देमाकला जातो म्हणून माझ्याकडून डबा बांधून घेतोस. कुठं जात होतास?"

"जलाशयाकडं. काठावर बसून डबा खायचो. पाणी उतरलं की सावरीचा शेंडा दिसतो."

"एकटा?"

"एकटाच."

"मूर्ख माणूस," ती म्हणाली, आणि डोळे पुसायचे सोडून गाड्याकडं गेली, आणि तिथून भाच्याला पुन्हा फोन लावून त्याला ज्या शब्दांत बोलली ते शब्द कुठल्याही कोड्यात येणार नाहीत.

को लियांग अजून पेन्सिलीकडे बघत होता. "माझ्याही कार्डावर शिक्का होता," तो हळूच म्हणाला. "वेगळा. आम्हा चिनी वंशाच्या लोकांवर मारायचे तो. शाळेत मला दुसरं नाव घ्यायला लावलं होतं. तुम्हाला कुणाला ते माहीत नाही." पेन्सिल बोटांत फिरवत म्हणाला, "विचारलं नाही कुणी. कोड्यात आलं नाही."

"आता काय करायचं?" हार्जितोनं विचारलं. "माझं अर्धं डोकं राहिलंय ते वेगळं. पण ही घरं भरायची की रिकामी ठेवायची?"

रिकामी ठेवायची, असं सारमिदीच्या ओठांवर आलं होतं. मग वाटलं, रिकामी? पुन्हा रिकामी? त्यानं को लियांगच्या हातून पेन्सिल घेतली आणि उरलेली पाच अक्षरं स्वतः भरली. कागद फाटेल इतकी दाबून.

बु पाइनेम परत आली ती कोरं पोस्टकार्ड घेऊनच. तिनं कुपन कात्रीनं कापून त्यावर भाताच्या शितानं चिकटवलं. "माझं नाव नको," म्हणाली. "भांडं गेलं खड्ड्यात. तुझ्या नावानं जाऊ दे. खऱ्या गावासकट."

"कोड्याच्या पोस्टकार्डावर पत्र लिहिलं तर ते बाद करतात," हार्जितो म्हणाला.

"करू देत. करायला वाचावं तर लागेल."

सारमिदी ओल्या बाकावर बसला. कार्ड लहान होतं, आणि त्यानं आयुष्यात कुणा साहेबाला कधी काही लिहिलं नव्हतं. पेन्सिल त्यानं नुसती धरून ठेवली. रागानं की भीतीनं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. नाव खरं टाकलं तर उद्या कुणी येईल का? कार्ड तपासायला, देमाकची चौकशी करायला? येईलही. राजवट पडली तरी त्या मानेवरचे केस पुन्हा वाढलेलेच असणार. तो साहेब कुठंतरी पेन्शन खात असेल, रविवारी चष्मा लावून हेच कोडं सोडवत असेल, आणि एकतीस आडव्याला त्याला कुणाच्या मदतीची गरज पडली नसेल. या विचारासरशी सारमिदीनं पेन्सिल कार्डावर टेकवली. त्यानं लिहायला सुरुवात केली, बारीक अक्षरात, कडेपर्यंत.

कोडं रचणाऱ्या साहेबांस. एकतीस आडवा, रांदुलावास. मी सारमिदी, केस कापणारा, जन्म त्याच गावचा. अक्षरं बरोबर आहेत, संकेत खोटा आहे. आमच्या खुर्चीजवळ एक नियम आहे. शब्द माहीत असेल तर तो कसा माहीत ते सांगावं लागतं, त्याशिवाय इथं कुणी पेन्सिल उचलत नाही. मी माझी साक्ष दिली, तीन माणसांसमोर, दिवसाढवळ्या. आता तुम्ही तुमची द्या. तुम्ही निर्जन लिहिलंत, ते कुणी पाहिलं? तुम्ही गेला होतात? कागद बघून लिहिलं असेल, तर तो कागद ज्यानं भरला तो साहेब त्या दिवशी सावरीखाली माझ्या स्टुलावर बसला होता. मानेला घामोळं आलं होतं त्याच्या. पुढून थोडे ठेव म्हणाला. त्याच्या कागदावर पडलेले केस मी फुंकून काढले, ते काढायला नको होते. तिथं कुणीच राहत नव्हतं ना? मग त्याचे केस कुणी कापले?

येत्या रविवारी उत्तरं छापाल, तेव्हा याचंही छापा.